आत कोण आहे?

‘कॉमन की अटॅच्ड?’ हॉस्टेलच्या फॉर्मवरचा एवढासा प्रश्न! पण त्यापायी आमच्याकडे आठवडाभर फोनाफोनी झाली, लोणावळ्याच्या पावसात अख्खा दिवस भिजून निघाला आणि जाता जाता दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका हॉस्टेललाही चक्कर झाली...

मामांचा फोन नेहमी रात्री साडेनऊनंतर येतो. जेवण, बातम्या, शतपावली असं सगळं उरकून. ऑगस्टातल्या त्या दिवशी मात्र सकाळी सव्वासातलाच आला. मी दचकलेच. पण बातमी झकास होती. छोटीचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, लोणावळ्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॅप राउंडमध्ये नंबर लागला होता. तोही कॉम्प्युटरला! अख्ख्या बार्शीला पेढे वाटायचे बाकी होते. मग एकदम मामांचा आवाज खाली आला.

“अगं, हॉस्टेलचा फॉर्म भरायचाय. त्यात एक रकाना आहे. बाथरूम कॉमन का अटॅच्ड. वर्षाला बावीस हजारांचा फरक पडतोय. तू राहिलीयस हॉस्टेलला. तूच सांग काय ते.”

मी अर्धवट झोपेत होते, तरी उत्तर तयार होतं. “मामा, डोळे मिटून अटॅच्डवर टिक करा!”

बावीस हजार मामांचे. सांगायला माझं काय जात होतं?

तसं बघायला गेलं तर हा प्रश्न फक्त अठरा वर्षांच्या मुलामुलींचा नाहीच. वाकड, बाणेर, खराडीला फ्लॅट शेअर करणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्याच टू बीएचकेमध्ये मास्टर बेडरूमवाली महिन्याला दोन हजार जास्त देते. ते काय खिडकीतून दिसणाऱ्या हायवेचे? छे! त्या चार बाय सातच्या टाइल्सवाल्या कोपऱ्याचे. ऑफिसात आपण कितीही ‘टीम प्लेअर’ असलो, तरी सकाळी सव्वाआठला गीझरवर आपला एकटीचा हक्क हवा असतो. पीजी शोधताना आपण वायफाय विचारतो, डबा विचारतो आणि मग जरा चाचरत विचारतो, “अटॅच्ड आहे ना?”

मामींचंही मत अटॅच्डच. पण त्यांचं कारण जुनं आणि खोल होतं. मामी लग्नाआधी मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत राहायच्या. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. एका खोलीला १६० चौरस फूट जागा आणि संडास मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून. “तेवीस वर्षं मी डबा घेऊन रांगेत उभी राहिले,” मामी फोनवर म्हणाल्या, “माझी पोरगी नाही राहणार.” त्याच आठवड्यात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ऑगस्ट २०२५ची गोष्ट. मामी टीव्हीसमोर बसून होत्या. हॉल नको, बाल्कनी नको, घरातलं संडासचं दार दाखवतायत का, तेवढंच त्या बघत होत्या म्हणे. आता या माणसाला ‘कॉमनमध्येही मजा असते हो’ असं कुठल्या तोंडानं सांगणार?

छोटीचं मत कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, “आधी बघून तर येऊ.”

कुबट वासाचं गणित

शिवाजीनगरहून आम्ही तिघांनी सकाळची लोणावळा लोकल पकडली. मामा, छोटी, मी आणि मामांची ती जगप्रसिद्ध कापडी पिशवी. देहू रोडपर्यंत नुसतं भुरभुरत होतं. तळेगाव सुटलं आणि चित्रच पालटलं. वडगाव, कान्हे, कामशेत... खाचरांत गुडघाभर पाणी, डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरलेल्या. छोटी खिडकीला नाक लावून बसली होती. बार्शीच्या पोरीला एवढं पाणी एकत्र बघायची सवय नाही. पुण्यात वर्षाला सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या वर. वीकएण्डला भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून भजी खाणाऱ्याला हा आकडा रोमँटिक वाटतो. तिथे चार वर्षं टॉवेल वाळवायचा असेल, तर मामला वेगळा.

हे मला हॉस्टेल बघेपर्यंत कळलं नव्हतं.

कॉलेजच्या आवारात मुलींच्या दोन बिल्डिंग्ज होत्या. जुनी कॉमनवाली, नवी अटॅच्डवाली. आधी जुनीत गेलो. मामांना व्हरांड्याच्या पुढे प्रवेश नव्हता, ते खाली वॉचमनशी बोलत बसले. वर लांबलचक कॉरिडॉर, दोन्हीकडे मिळून चौदा खोल्या, प्रत्येकीत तिघी. टोकाला बाथरूम. मी नाक मुठीत धरायच्या तयारीनेच गेले होते. पण आत फरशी ओली असली तरी स्वच्छ होती. फिनेलचा वास येत होता. एक मावशी खराटा आपटत पाणी लोटत होत्या.

“सकाळ-संध्याकाळ धुते मी,” त्या म्हणाल्या. “पोरी बादल्या मधेच ठेवतात आन् केसांचे गुंते सोडतात जाळीत, तेवढं सोडलं तर बरंय. नव्या बिल्डिंगीत मी नसते. तिथं पोरींनी आपलं आपुन धुवायचं. जा, बघून या एकदा.”

गेलो. नवी बिल्डिंग बाहेरून एकदम कूल. ग्रॅनाइटचा जिना, काचेचा दरवाजा. थर्ड इयरच्या एका मुलीने तिची खोली दाखवली आणि दार उघडताच तो वास आला. न वाळलेल्या कपड्यांचा, ओल्या पायपुसण्याचा, कुबट. खोलीत आडव्या-तिडव्या दोऱ्या, त्यावर तिघींची आठवड्याची धुणी. बाथरूमचं दार पावसाने फुगलेलं, ते लावायला खांदा द्यावा लागत होता. छतावर काळ्या बुरशीची नक्षी. दाराच्या आतल्या बाजूला ‘क्लीनिंग टर्न’ असा कागद, त्यावर तिघींची नावं आणि पुढे बरोबरच्या खुणा. शेवटची खूण मार्चमधली.

“दीदी, अटॅच्ड म्हणजे तिघींचं कॉमनच,” ती मुलगी हसत म्हणाली. “फक्त साफ करायला कुणी येत नाही.”

यात तिचा दोष किती? बाथरूम खोलीला चिकटलेलं असलं, की त्यातली वाफ जाणार कुठे? उन्हाळ्यात खिडकीतून जाते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, खिडकी उघडली तर ढग आत येतो. अक्षरशः! त्यामुळे तीन अंघोळींची वाफ रात्रीपर्यंत पांघरुणांत मुरते. एक्झॉस्ट फॅन लागतो. तो थेट बाहेर उघडणारा लागतो आणि तो चालू लागतो. त्या खोलीतला फॅन होता, पण बंद होता. दम्याचा त्रास असलेल्या कुणासाठी ही खोली म्हणजे शिक्षाच. थोडक्यात, मी सकाळी सव्वासातला जे डोळे मिटून सांगितलं होतं, ते खरंच डोळे मिटूनच सांगितलं होतं.

तरी अटॅच्डची बाजू अगदीच लंगडी नाही हं. जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर होता, पण पावसाळ्यात सूर्यच नाही म्हटल्यावर बॉयलरचं गरम पाणी सकाळी फक्त सहा ते आठ मिळायचं. सव्वाआठला उठलात, तर थंड पाण्याने ‘हर हर गंगे’. नवीत गीझर. ताप आला, पोट बिघडलं, पाळी आली, तर चार पावलांवर दार. रात्री दोनला कॉरिडॉर तुडवत जायला नको. २०२२ मध्ये मोहालीजवळच्या एका विद्यापीठात मुलींच्या हॉस्टेलच्या बाथरूममधल्या व्हिडिओवरून केवढा गदारोळ झाला होता, ते मामा विसरलेले नव्हते. “कड्या नीट आहेत का बघ,” असं त्यांनी मला खालूनच दोनदा बजावलं होतं. मी प्रत्येक कडी लावून बघितली. कॉमनमधल्या एका दाराची कडी ढिली होती, ते वहीत लिहून घेतलं.

रेक्टर मॅडम कामासाठी बाहेर गेल्या होत्या, चार वाजता भेटणार होत्या. अडीच तास करायचं काय? मामांनी घड्याळ बघितलं. मामा इतिहासाचे शिक्षक आहेत, हे सांगायचं राहिलंच.

“भाजे इथून किती लांब?”

खोल्या सेपरेट, पाणी कॉमन

मळवली म्हणजे पुण्याच्या दिशेने एकच स्टेशन मागे. लोकलची वाट बघण्यापेक्षा आम्ही येऊन-जाऊन रिक्षा ठरवली. रिक्षावाले दादा मावळातलेच. पाऊस इतका, की वायपर नुसता शोभेला. छोटी म्हणाली, “इथे पाण्याची चंगळ आहे ना!” दादा आरशातून तिच्याकडे बघून हसले. “पाणी आमच्याकडं पडतं ताई. राहतं कुठं आमच्याकडं?”

खोटं नाही. वळवणसारख्या तलावांतलं पाणी टाटांच्या वीजकेंद्रासाठी खाली खोपोलीला जातं, ते १९१५ पासून. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. तेच पाणी बंद पाइपलाइनने न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला होता. वाकडच्या आमच्या सोसायटीत शॉवर सोडताना हे डोक्यात येत नाही. तिथे रिक्षात मात्र आलं. दादा पुढे काही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

भाज्याच्या पायऱ्या चढून वर पोहोचेपर्यंत मामांचा गुडघा बोलायला लागला होता. पण लेणी दिसली आणि ते तरतरीत झाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही लेणी. मुख्य चैत्यगृह सगळेच बघतात, फोटो काढतात आणि धबधब्याकडे पळतात. मामांनी आम्हाला विहारात नेलं. भिक्खूंची राहायची जागा. मधे मोकळी जागा आणि कडेने खडकात खोदलेल्या छोट्या छोट्या कोठड्या. आत झोपायला दगडाचाच ओटा. छोटी एका ओट्यावर बसली आणि म्हणाली, “हे तर सिंगल ऑक्युपन्सी!”

“बरोब्बर,” मामा खूश. “आता बाथरूम शोध.”

अर्थातच नव्हतं. बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी होती. लेण्यांतल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. “खोल्या सेपरेट, पाणी कॉमन,” मामा म्हणाले. “दोन हजार वर्षांपूर्वीचा तुमचा फॉर्म.”

मग पावसाचा जोर ओसरेपर्यंत तिथेच बसून त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी या दिवसाची कायमची ऋणी आहे. बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्याच्या चुल्लवग्ग या भागात सामायिक शौचालय कसं वापरायचं, याचे चक्क नियम आहेत. बाहेर उभं राहून आधी खोकायचं. आत कुणी असेल तर त्यानेही खोकून उत्तर द्यायचं. (म्हणजे आपलं ‘आत कोण आहे?’!) चीवर बाहेर बांबूवर किंवा दोरीवर टांगायचं. धडपडत शिरायचं नाही. आत बसून कुंथायचं नाही, दातवण चावायचं नाही. भांड्यातलं पाणी संपलं असेल तर भरून ठेवायचं. जागा घाण दिसली तर धुवायची. मी आणि छोटी हसून हसून बेजार. मावशींनी कॉमनच्या भिंतीवर लावायला हवेत असे नियम! फक्त दातवणाऐवजी मोबाइल म्हणायचं.

पण एक नियम ऐकून आमचं हसू थांबलं. भिक्खुसंघात सगळं ज्येष्ठतेप्रमाणे चालायचं. शौचाला जायचं तेही ज्येष्ठांनी आधी. नवे भिक्खू आधी येऊन ताटकळायचे. कळ दाबून धरता धरता त्यातले काही जण बेशुद्ध पडले. ही गोष्ट बुद्धांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी सांगितलं, शौचालयात ज्येष्ठता नाही, जो आधी येईल तो आधी जाईल.

ही गोष्ट ऐकून मी गप्प झाले, त्याला कारण होतं.

रात्री आठनंतर पाणी बंद

उतरताना मामा गुडघा सांभाळत मागे राहिले. छोटी आणि मी पुढे. ती एकदम म्हणाली, “ताई, मी कॉमनच लिहिणार आहे. बाबा पतसंस्थेतून लोन काढणारेत, मी ऐकलंय. त्यात अजून बावीस हजार कशाला? आणि तू पण तर कॉमनमध्येच राहिलीस ना. काय झालं तुला?”

काय झालं मला? हे मी घरात कधीच कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

माझं हॉस्टेल कुठलं होतं, ते जाऊ द्या. मजल्यावर साठ मुली, चालू स्थितीतले संडास पाच. सकाळी सीनियर्सच्या बादल्या रांगेत आधीपासून ठेवलेल्या असायच्या. माणूस नाही, नुसती बादली. पण बादलीच्या पुढे जायची फर्स्ट इयरच्या कुणाची हिंमत नव्हती. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून. त्यात मारहाण येते, अपमान येतो, छळ येतो. पण बादलीची तक्रार कुणाकडे आणि कुठल्या तोंडाने करणार? शिवाय कॉरिडॉरच्या टोकाचा दिवा महिनोन्‌महिने बंद. रात्री जायची भीती वाटायची. मग मी एक ‘आयडिया’ काढली. रात्री आठनंतर पाणी प्यायचं नाही. सकाळी पहिलं लेक्चर संपेपर्यंतही नाही. दीड वर्ष हे केलं. मूत्रमार्गाचं इन्फेक्शन तीनदा झालं. तिसऱ्या वेळी थंडी वाजून ताप भरला आणि पेपरच्या आदल्या दिवशी सलाइन लागलं. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, “पाणी किती पितेस? आणि लघवीला लागल्यावर जातेस का थांबतेस?” मी खोटं सांगितलं. कमी पाणी आणि धरून ठेवण्याची सवय, या दोन्हींनी इन्फेक्शनला आवतण मिळतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आणि तरीही, ज्या चार मैत्रिणी आजही रात्री एकला माझा फोन उचलतात, त्या सगळ्या मला त्याच रांगेत भेटल्या. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत झोप अशा अवतारात माणूस फार काळ शिष्टपणा करू शकत नाही. सलाइन लागलं तेव्हा बादली उचलून माझ्यासाठी रस्ता मोकळा करणारीही एक सीनियरच होती. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही.

छोटीने सगळं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. तिने इंजिनीअर होणाऱ्या पोरीसारखा प्रश्न विचारला.

“साठ मुलींना किती पाहिजेत मग?”

मला माहीत होतं. पत्रकारितेचा एक फायदा, नको ते नियम वाचलेले असतात. इमारतींतल्या पाणी आणि सांडपाण्याच्या सोयींसाठी भारतीय मानक आहे, आयएस ११७२ नावाचं. त्यात हॉस्टेलसाठी आठ मुलांमागे एक आणि सहा मुलींमागे एक संडास धरलेला आहे. पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर.

“म्हणजे दहा,” छोटी म्हणाली. “तुमच्याकडे निम्मेच होते.” दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “आपल्या मजल्यावर चौदा त्रिक बेचाळीस. बेचाळीसला सात. मी सकाळी सहाच दारं मोजली.”

“सात आहेत,” मी म्हटलं. “सातव्याला कुलूप होतं.”

सातवं दार

चार वाजता रेक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी चहा मागवला, ही चांगली खूण. मी प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात छोटीनेच सुरुवात केली. संडास सहाच का वापरात? पाणी किती साठवता? कॉरिडॉरच्या टोकाचा दिवा रात्रभर चालू असतो का? सकाळच्या नंबरांचं कसं ठरतं? सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा दिसला नाही, तो मिळेल का? मामा चहाच्या कपात बघत बसले होते, पण कान टवकारलेले.

मॅडमना राग आला असं वाटलं. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आम्हाला घेऊन वर गेल्या. सातवं दार उघडलं. आत जुन्या गाद्यांची थप्पी आणि एक मोडकी सायकल. सायकल तिथे कशी पोहोचली, हे त्यांनाही सांगता येईना! “गाद्या वाळवायला जागा नाही हो इथे,” त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. सकाळपासून आम्ही कुणीच स्वतः वाळलो नव्हतो.

पाण्याचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पावसाळ्यात प्रश्नच नाही. मे महिन्यात टँकर येतो आणि तेव्हा नवीन बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांचे नळ आधी कोरडे पडतात. जुनीत खाली मोठी टाकी आहे, बादलीने तरी नेता येतं. बेचाळीस मुली गुणिले १३५ लिटर, म्हणजे एका मजल्याचं दिवसाचं साडेपाच हजारांच्या वर पाणी, हा हिशेब छोटीने तिथेच मोबाइलवर केला. रिक्षावाल्या दादांचं वाक्य आम्हा दोघींनाही आठवलं असणार.

नंबरांबद्दल मॅडम म्हणाल्या, “ते मुली आपापसात ठरवतात.” हे उत्तर मला ओळखीचं होतं. आपापसात ठरतं, म्हणजे बादल्या ठरवतात. मी तसं म्हणाले. मॅडम जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी पण हॉस्टेललाच होते, साताऱ्याला.” त्यावर त्यांनी काही वचन दिलं नाही. ढिल्या कडीची, दिव्याची आणि डब्याची नोंद मात्र रजिस्टरमध्ये माझ्यासमोर केली आणि तारीख टाकली.

फॉर्म तिथेच भरला. छोटीने ‘कॉमन’वर खूण केली. मामांनी पेन धरलेला तिचा हात एकदा थांबवला. “लोनचा विचार करू नको. मी बघतो ते.” छोटी म्हणाली, “लोनचा नाही करत बाबा, बुरशीचा करते.” अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मामांना कळलं असावं, कारण लोकलमध्ये कामशेतपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते.

तुमच्यापैकी कुणी धाकट्या भावंडासाठी किंवा स्वतःसाठी रूम बघायला निघाला असाल, तर पाऊस चालू असताना जा आणि सकाळी सातला जा. दुपारी दोनला कुठलंही बाथरूम शहाण्यासारखंच वागतं. एजंटने अटॅच्ड म्हटलं तर ‘कितीजणांत?’ विचारा. धुणार कोण, ते विचारा. दार लावून, कडी घालून, दिवा बंद करून बघा. फ्लश ओढा, लाजू नका. एक्झॉस्टची कळ दाबा. राहणाऱ्या मुलींना एकटं गाठून नंबरांचं विचारा, मालकासमोर नाही. आणि पुरेशी दारं नसतील, उजेड नसेल किंवा रात्री जायची भीती वाटत असेल, तर पैसे वाचवू नका, जास्तीचे द्या. मी तेव्हा दिले नाहीत, कारण मागायची लाज वाटली. औषधपाण्यात त्याहून जास्त गेले.

मामींना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, “सकाळी साफ करते ना ती बाई? रोज? मग तिला दिवाळीला पैसे द्यायला सांग छोटीला. आमच्या चाळीत द्यायचो आम्ही.”

तीन आठवड्यांनी छोटीचा मेसेज आला. दिवा लागला. कडी बदलली. सातवं दार अजून बंदच होतं. गाद्या गेल्या होत्या, पण सायकल कुणाची ते ठरत नव्हतं. सोबत एक फोटो होता. बाथरूमच्या बाहेर वहीचं पान चिकटवलेलं, स्केचपेनने लिहिलेलं : ‘बादलीला नंबर नाही. जी आधी येईल तिचा नंबर आधी.’ खाली कुणीतरी पेन्सिलने ‘ए फर्स्ट इयर, शहाणपणा नको’ असं लिहिलं होतं आणि त्याच्याही खाली तिसऱ्याच अक्षरात ‘बरोबर लिहिलंय तिने. – फायनल इयर.’

मी विचारलं, हे विनयपिटकातलं आहे, ते सांगितलंस का कुणाला?

“नाही,” तिने लिहिलं. “ताई, रविवारी येताना झाकणाची बादली आण. माझी कुणीतरी नेली.”